गरज सरो, मैदान बंद

१९२१ हे साल आपल्या इतिहासलेखनात फारसे येत नाही. १९२० चे माणगाव येते, त्याच वर्षीची नागपूरची परिषद येते, आणि मग एकदम १९२७ चे महाड. मधली वर्षे बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला होते, एवढ्या एका वाक्यात संपतात. या सालात घेतलेल्या दोन निर्णयांकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. दोन्ही निर्णय इंग्रजांचेच. एकाचा आपल्याशी संबंध सरळ आहे. दुसऱ्याचा वरवर पाहता काहीच नाही.

पहिला निर्णय १११ व्या महार पलटणीचा. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये ही पलटण उभी केली गेली. युद्ध संपले, आणि १९२१ मध्ये ती मोडली. दुसरा निर्णय त्याच वर्षीच्या ५ डिसेंबरचा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना अगदीच अयोग्य आहे, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नयेत. त्या दिवशी लिली पार नावाची एक आघाडीची खेळाडू सोळा वर्षांची होती. तिच्यासारखी डाव्या पायाची फॉरवर्ड त्या देशात दुसरी नव्हती, असे तिचा खेळ पाहिलेले लोक सांगत.

या पोरीचा इतिहास मी आपल्या पानांवर का मांडते आहे, ते आधी सांगितले पाहिजे.

मी शिरूर तालुक्यातील कारेगावात राहते आणि इतिहास शिकवते. कोरेगाव नव्हे, कारेगाव. बाहेरगावच्या कार्यकर्त्यांचा हा घोटाळा नेहमी होतो. कोरेगाव भीमा आमच्याच तालुक्यात, याच नगर रस्त्यावर, पुण्याच्या अंगाला आहे. आमचे गाव रांजणगाव गणपतीच्या शेजारचे. १९९० नंतर इथल्या बाजरीच्या रानांत औद्योगिक वसाहत आली. तिच्यामागून पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आल्या, आणि त्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे. पहाटे रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मुली पाहिल्या की कोणालाही समजावे की हे गाव आता शेतीचे राहिलेले नाही. डोक्याला टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. बहुतेक ठेकेदाराकडच्या. वय विचारले तर एकोणीस सांगतात.

या मुलींच्या धाकट्या बहिणी माझ्या वर्गात येतात. त्यांतल्या काही फुटबॉल खेळतात. शाळेत नव्हे, खोल्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत. एक आहे, दहावीतली. तिचा डावा पाय असा चालतो की मुलगे आधी हसतात आणि मग बाजूला होतात. दहावी झाली की ती लाईनवर उभी राहणार, हे तिच्या घरात ठरलेले आहे. तिने मला एकदा विचारले, "बाई, कारखान्यात काम करणारी पोरगी फुटबॉल खेळलीय का कधी कुठं?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी लँकेशायरपर्यंत गेले.

लिली पार १९०५ मध्ये सेंट हेलेन्स या गावी जन्मली. काच तयार करणाऱ्या कारखान्यांचे गाव, बाप काचकामगार, सात भावंडांतली ही चौथी. भावांबरोबर पडीक जागेत फुटबॉल आणि रग्बी खेळून तिचा पाय तयार झाला. शिवणकाम, स्वयंपाक यांत तिला गोडी नव्हती म्हणतात. ते खरे असो वा नसो, काचगावातल्या मजुराच्या घरात मुलीला गोडी आहे की नाही हे कोणी विचारून काम देत नसे.

तिला पुढे नेणारी गोष्ट जवळच्याच प्रेस्टन गावी घडली. तिथे डिक, कर अँड कंपनी हा आगगाड्या आणि ट्रामगाड्या बनवणारा कारखाना होता. युद्धात त्याने दारूगोळा बनवायला घेतला. पुरुष आघाडीवर गेलेले, तेव्हा कामाला बायका आणि पोरी घेतल्या. त्या काळी इंग्लंडभर दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या या बायकांची कातडी स्फोटक रसायनांनी पिवळी पडे. लोक त्यांना पिवळ्या पाखरांचे नाव देऊन थट्टा करीत. दुपारच्या सुट्टीत या पोरी आवारात चेंडू खेळत. १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची कारखान्यातल्या पुरुषांशी पैज लागली आणि पोरींनी सामना मारला. कचेरीत काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंड नावाच्या माणसाने ते हेरले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पोरींचा पहिला जाहीर सामना झाला. प्रेक्षक दहा हजार. जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेला.

इथे थोडे थांबून एक गोष्ट पाहिली पाहिजे. दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. तोफेचे गोळे उचलणे, ओतणे, भरणे ही कामे होती. स्त्रीची प्रकृती नाजूक असते, तिच्या गर्भाशयाला धोका पोहोचतो, ही चिंता तेव्हा कोणा मोठ्या माणसाने केल्याचे दिसत नाही. ती चिंता उगवली ती चार वर्षांनी, त्याच पोरी चेंडूमागे धावू लागल्या तेव्हा. १९२१ मध्ये लंडनच्या नामांकित डॉक्टरांनी वर्तमानपत्रांतून मते दिली की फुटबॉल स्त्रीच्या शरीराला झेपणारा नाही. मला हे वाचताना १९७२ चा दुष्काळ आठवला. आमच्या तालुक्यात तेव्हा माणसे जगली ती दुष्काळी कामांवर, खडी फोडून. माझी आई त्या खडीवर होती, पोटात माझा धाकटा भाऊ असताना. हातोडा नऊ महिने चालला. कोणत्याही डॉक्टरने येऊन, बाई, तुझ्या शरीराला हे झेपणार नाही, असे सांगितले नाही. शरीर झेपत नाही हा शोध फक्त तेव्हाच लागतो, जेव्हा ते शरीर स्वतःच्या आनंदासाठी हलू लागते.

लिली पार सेंट हेलेन्सच्या मुलींच्या संघातून प्रेस्टनविरुद्ध खेळली. संघ हरला, पण फ्रँकलंडच्या नजरेत ही उंच, डावखुऱ्या पायाची पोर भरली. वय चौदा-पंधरा. तिला प्रेस्टनला बोलावले. कारखान्यात काम दिले, संघातल्याच एका मुलीच्या घरी राहायची सोय केली, आणि सामन्याला दहा शिलिंग, कारण सामन्याच्या दिवशी मजुरी बुडते. हे दहा शिलिंग मला त्या सगळ्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे खेळाडूच्या गोष्टी सांगताना जिद्द, चिकाटी, आईचा आशीर्वाद यांवर पाने भरतात. पार हिच्याकडे जिद्द होतीच; पण जिद्द तिच्या गल्लीतल्या इतरही पोरींकडे असेल. त्यांच्याकडे बुडालेल्या मजुरीची भरपाई नव्हती. फॉरवर्ड घडते ती काम, छप्पर आणि भरपाई या तीन गोष्टींवर. पाय त्यांच्यानंतर येतो.

पहिल्याच हंगामात तिने त्रेचाळीस गोल केले असे सांगितले जाते. डाव्या बगलेवरून ती चेंडू घेऊन निघे आणि गोलसमोर तो इतक्या अचूक टाके की बाकीच्यांनी नुसते डोके लावावे. तिच्या फटक्यात जोर इतका की तो अडवताना एका गोलरक्षकाचा हात मोडला, अशी दंतकथाही आहे. विड्या ओढायची. वुडबाइन छापाच्या स्वस्त सिगारेटी तिला आवडत, आणि मोबदल्यात त्याही मिळत म्हणतात. ज्यांना आपल्या नायिका सोवळ्या लागतात त्यांची इथे पंचाईत होईल.

१९२० च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक-कर आणि सेंट हेलेन्स यांचा सामना झाला. आत त्रेपन्न हजार माणसे होती, आणि जागा नाही म्हणून काही हजार बाहेर राहिली. त्या दिवशी डिक-करची मुख्य फॉरवर्ड फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकली होती. कर्णधार अॅलिस केल ही एरवी बचावाला खेळणारी. ती पुढे गेली आणि उत्तरार्धात तिने तीन गोल केले. सामना चार-शून्य. स्त्रियांच्या क्लब सामन्याला याहून मोठी गर्दी जमायला २०१९ साल उजाडले. तेव्हा बाबासाहेब लंडनमध्येच होते. त्यांनी हा खेळ पाहिला असेल असे मी म्हणत नाही. ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात अर्धपोटी बसून रुपयाचा प्रश्न सोडवीत होते. मी एवढेच म्हणते की ज्या देशात आमचा माणूस ज्ञानासाठी गेला होता, त्याच देशातल्या मजुरांच्या पोरींचा प्रश्नही त्याच वर्षांत ऐरणीवर आला होता.

मग बंदी का? असोसिएशनने दोन कारणे दिली. एक, खेळ अयोग्य. दोन, धर्मादायासाठी जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो. दुसऱ्या कारणाची गंमत अशी की या पोरींनी इस्पितळांना आणि अपंग सैनिकांना हजारो पौंड मिळवून दिले होते. एकट्या गुडिसनच्या सामन्याचे तीन हजारांहून अधिक झाले. अभ्यासकांनी आणखी दोन गोष्टी पुढे आणल्या आहेत. पुरुषांच्या क्लबांना आपल्या गर्दीची काळजी वाटू लागली होती. आणि १९२१ च्या वसंतात कोळसा खाणमालकांनी खाणकामगारांना टाळेबंदी करून उपाशी मारायला घेतले, तेव्हा पोरींच्या संघांनी त्यांच्या चुलींसाठी सामने भरवले. सैनिकांसाठी खेळणारी पोर देशभक्त असते. तीच पोर संपावरच्या मजुराच्या मुलांसाठी खेळू लागली की तिचे खेळणे अयोग्य ठरते. सत्तेला खेळाचा राग नव्हता. खेळातून उभा राहिलेला पैसा आणि गर्दी कोणाच्या बाजूने जाते, याचा होता.

बंदीची रीत आपल्या लोकांनी नीट पाहण्यासारखी आहे. असोसिएशनने खेळावर बंदी घातली नाही. तसा तिला अधिकारही नव्हता. तिने मैदाने बंद केली. खेळा, खुशाल खेळा. फक्त जिथे कुंपण आहे, हिरवळ आहे, बसायला जागा आहे, तिकीट लावता येते, तिथे नाही. आपल्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. तहान लागू नये असा नियम महाडलाही नव्हता. बोल्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. कागदावर तळे खुले होते. तरी २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना पाण्यापर्यंत चालत जावे लागले, आणि नंतर मार खावा लागला. माणसाला त्याच्या गरजेपासून तोडता येत नसेल तर ती भागवण्याच्या जागेपासून तोडावे, ही युक्ती जगभरच्या वरच्या वर्गांना कोणी न शिकवता येते.

आता पलटणीकडे वळू. १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी कंपनीच्या तुकडीत जे लढले आणि पडले, त्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. कित्येक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. त्या शतकाच्या अखेरीला, १८९२ च्या सुमारास, इंग्रजांनी लढवय्या जातींचे शास्त्र काढले आणि महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या हातून राज्य घेतले त्यांचे हात लढण्यास नालायक ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. अर्जांनी दार उघडले नाही. १९१७ मध्ये युद्धाने उघडले. चार वर्षांनी ते परत लागले, आणि १९४१ मध्ये दुसरे युद्ध आले तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. लायकीचा आणि या तारखांचा काही संबंध लागतो का? तारखा लागतात त्या फक्त युद्धांशी.

तुलना जपून करावी हे मला कळते. लिली पार गोरी होती, साम्राज्याच्या पोटात राहत होती, आणि तिला शिवल्याने कोणाला विटाळ होत नव्हता. प्रेस्टनमध्ये बनलेले गोळे कोणाकोणावर पडले हाही प्रश्न आहे. जातीचे दुःख आणि वर्गाचे दुःख एकाच मापाने मोजू नये. पण या दोघांना बाहेर काढणारे तोंड एकच होते आणि त्या तोंडातली भाषाही एकच. गरज असेपर्यंत शरीर बळकट, गरज सरली की तेच शरीर अयोग्य.

आपल्या जवळचे उदाहरण खेळातलेच आहे. पळवणकर बाळू, चांभार समाजातला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात इंग्रजांच्या क्लबात तीन-चार रुपये महिन्यावर खेळपट्टी राखायला लागला. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता असा गोलंदाज झाला की हिंदूंच्या संघाला तो हवासा वाटू लागला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळीत. चहाच्या वेळी त्याला मात्र बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा. साहेबांनी त्याला फलंदाजीची संधी दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदूंनी कर्णधारपद दिले नाही. ते १९२३ मध्ये मिळाले त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला. घाम चालतो, हुकूम चालत नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूला बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, तो वेगळा आणि लांबचा विषय आहे.

बंदीनंतर लिली पार थांबली नाही. १९२२ मध्ये संघ अमेरिकेला गेला आणि तिथे पुरुषांच्या संघांशी खेळला; काही सामने जिंकलाही. परत आल्यावर मात्र रग्बीची मैदाने, शेते, मिळेल ती जागा. कारखान्याने पुढे अंग काढून घेतले आणि संघाला प्रेस्टनचे नाव घ्यावे लागले. पार व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका झाली, आणि नोकरी करता करता १९५१ पर्यंत खेळत राहिली. तीस वर्षांच्या खेळात तिचे गोल हजाराच्या आसपास भरतात असे म्हणतात. बंदी उठली १९७१ मध्ये. तेव्हा ती पासष्टी ओलांडलेली म्हातारी होती. १९७८ मध्ये वारली. २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या मानाच्या यादीत आलेली ती पहिली स्त्री, आणि २०१९ मध्ये मँचेस्टरला तिचा पुतळा उभा राहिला. इंग्लंडात स्त्री फुटबॉलपटूचा तो पहिला पुतळा. माणसाला जिवंतपणी मैदान नाकारायचे आणि मेल्यावर चौथरा द्यायचा, हे काही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नाही तर!

इतर देशांची कथा थोडक्यात सांगते. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० स्त्रियांना मैदान बंद ठेवले. ब्राझीलमध्ये १९४१ चा सरकारी हुकूम १९७९ पर्यंत चालला. त्याच ब्राझीलच्या एका गरीब, कोरड्या मुलखातून, हुकूम उठल्यावर सात वर्षांनी जन्मलेली मार्ता पुढे जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून सहा वेळा निवडली गेली. हुकूम असताना जन्मलेल्या किती मार्ता भांडी घासत मेल्या, त्यांची यादी कुठे मिळत नाही.

भारतात कोणी बंदी घातली नाही. इथे बंदी घालावी लागत नाही. १९७५ मध्ये स्त्रियांच्या फुटबॉलची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पैसा नव्हता. पुरुषांच्या महासंघाचा हात नव्हता. तरी जानेवारी १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या पोरी अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा. बंगालची शांती मल्लिक या फॉरवर्डला १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. स्त्री फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच. आपल्या शेजारच्या गोव्याची योलांडा डिसोझा त्याच पिढीतली आघाडीची खेळाडू. १९९० नंतर कारभार पुरुषांच्या महासंघाकडे गेला, आणि आता तरी दिवस पालटतील असे वाटले. २००९ मध्ये परिस्थिती अशी आली की दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताच्या स्त्रियांचे नाव जागतिक क्रमवारीतूनच काढले गेले. इंग्लंडने ठराव करून जे केले ते आपण सामनेच न भरवता साधले. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी दोन-एक हरवून भारताच्या पोरींनी पात्रता फेरीतून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, तेव्हा मला त्या कालिकतच्या पोरी आठवल्या. त्यांना कोणी विचारले असते तर हे पंचेचाळीस वर्षे आधी पुढे नेता आले असते.

ऑक्टोबर २०२२ मधली एक बातमी मी वर्गात वाचून दाखवते. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. कर्णधार अष्टम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. ती कर्णधार झाली म्हणून प्रशासनाने तिच्या गावच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला. त्या रस्त्यावर अडीचशे रुपये रोजाने तिचेच आईबाप राबत होते. ही बातमी ऐकून शहरातल्या लोकांचे डोळे पाणावले म्हणे. माझ्या वर्गात कोणाचे पाणावले नाहीत. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "रोज रोखीनं मिळाला का?" या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

महाराष्ट्रात नागपूरच्या विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, आणि त्यावरून नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला, २०२२ मध्ये. चित्रपटाची चर्चा अमिताभ बच्चनवर झाली. मला त्यातली रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी पोर महत्त्वाची वाटते. तिला परदेशी खेळायला जायचे आहे आणि पारपत्रासाठी ती ती आहे हा कागद मिळत नाही. बाप आणि लेक कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. मैदान बंद करण्याच्या ज्या अनेक रीती आहेत त्यांत कागद ही आपल्या देशातली सर्वांत स्वस्त. आमच्या खोल्यांतल्या परगावच्या मुलींकडे शाळा सोडल्याचा दाखला एका जिल्ह्यातला, शिधापत्रिका दुसऱ्या, आणि भाडेकरार नाहीच. जिल्हा संघाची निवडचाचणी आली की पहिली गाळणी तिथे लागते; डाव्या पायापर्यंत पाळी येतच नाही.

आणि आपले काय? हे लिहिल्यावाचून राहवत नाही. जयंतीला आमच्या भागात वर्गणी निघते. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, रोषणाई होते. मुलींच्या बुटांसाठी वर्गणी काढू म्हटले तर आपलीच माणसे गप्प होतात. मैदानात अर्ध्या चड्डीत पोरगी पळते हे वस्तीला बरे दिसत नाही, असे मला ज्यांनी सांगितले ते मनुस्मृती दहनाच्या दिवशी भाषण करणारे होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला आपल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती, हजारो बाया आल्या होत्या. त्या काय घालून आल्या होत्या, हे मोजायला बाबासाहेब दाराशी उभे नव्हते. त्याच वर्षी ते मजूरमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत तयार झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला. हे सहा तास कशासाठी होते? आराम, वाचन, सभा, आणि मी म्हणते, खेळ. ठेकेदाराच्या लाईनवर बारा तास उभी राहणारी पोरगी ते सहा तास परत हरवून बसली आहे. तिच्या फुटबॉलचा प्रश्न म्हणून मला क्रीडाखात्याकडे नेता येत नाही. तो आधी हजेरीपत्रकाचा प्रश्न आहे.

जानेवारी २०२२ मध्ये स्त्रियांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि आमच्या पुण्याच्या बालेवाडीत झाली. कारेगावातून बालेवाडी दोन-अडीच तासांवर. साथीमुळे आपल्या संघातल्या इतक्या खेळाडू आजारी पडल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा जणी उभ्या करता आल्या नाहीत, आणि भारताला स्पर्धा सोडावी लागली. आपल्या मुलींना आपल्याच जिल्ह्यात जगातल्या मोठ्या फॉरवर्ड पाहायला मिळाल्या असत्या. त्या वेळी आमच्या खोल्यांतल्या बहुतेक जणींना अशी स्पर्धा चालू आहे हेही ठाऊक नव्हते.

दहावीतल्या त्या मुलीला मी लिली पारची सगळी हकीकत सांगितली. पिवळी कातडी, दुपारच्या सुट्टीतला चेंडू, गुडिसनची गर्दी, बंदी. तिने बंदीवर फारसे लक्ष दिले नाही. तिने दहा शिलिंगांचे विचारले: ते तिच्या पगारातून कापून घेत होते का वेगळे देत होते? वेगळे, मी म्हटले. मग तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: ठेकेदाराकडे एक खाडा म्हणजे किती रुपये, महिन्यात चार रविवारी सामने धरले, त्यांतल्या दोन रविवारी कामावर बोलावणे येते असे धरले, अकरा जणी धरल्या. आकडा तिने माझ्यापुढे ठेवला. आमच्या भागात जयंतीच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाला जेवढे भाडे जाते, त्याच्या निम्म्याहून तो कमी होता. तो कागद मी या महिन्याच्या बैठकीत मांडणार आहे.